खुलासा: पोलिसांचा वायरलेस ‘सगळीकडे खुला’ नाही

‘अमेरिकेत पोलिसांचा वायरलेस कुणालाही थेट ऐकता येतो’ असा मेसेज फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. काही शहरांत येतो. पण शिकागोत चॅनेल एन्क्रिप्ट झालेत, म्हणजे बोलणं सांकेतिक करून बाहेरच्यांना थेट ऐकता येणार नाही असं केलंय; लोकांना ते ३० मिनिटं उशिरा ऐकू येतात. न्यूयॉर्कमध्येही २०२३ पासून एन्क्रिप्शन सुरू झालं. 

नाव, जन्मतारीख, लायसन्स नंबर वायरलेसवर बोलले जातात. ते कुणाच्याही कानी पडू नयेत, ही काळजी रास्तच. पण म्हणून सगळंच बंद कशाला? कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोने २०२१ मध्ये आणलेलं एन्क्रिप्शन २०२२ मध्ये मागे घेतलं आणि खासगी तपशील फोनवर, गाडीतल्या कॉम्प्युटरवर नेले. मला हेच पटतं. पोलीस कुठे आणि कशासाठी धावले, हे लोकांना कळायलाच हवं.

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका.