टचस्क्रीन बसवा, पण रिमोट फेकू नका

बेळगावपासून खानापूर-निपाणीपर्यंत आमच्या लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. भिंतीवर एक टचस्क्रीन बसवून घ्या आणि घरातले सगळे रिमोट फेकून द्या, असं त्यात म्हटलंय. जुना टीव्ही, एसी, पंखा काही बदलायला नको, एकच स्क्रीन सगळ्या खोल्या सांभाळते, आणि परगावी असलात तरी घरात काय चालू, काय बंद ते मोबाइलवर दिसतं, असंही पुढे आहे. मी टिळकवाडी-शहापूर भागात वायरिंगची कामं करतो, या स्क्रीनही बसवतो. लोक हा मजकूर दाखवून ऑर्डर द्यायला लागले, म्हणून लिहितोय. जुनी उपकरणं बदलावी लागत नाहीत हे बऱ्याच अंशी खरं. बाकीचं तसं नाही.

पहिलं म्हणजे, बहुतेक स्क्रीनमध्ये रिमोटचा दिवा नसतोच. स्क्रीन वायफायवरून निरोप देते तो एका वेगळ्या डबीला, तिला आम्ही ब्लास्टर म्हणतो. टीव्हीला कळेल असा प्रकाश ती डबी फेकते. हा इन्फ्रारेड प्रकाश साधारण 940 नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. बहुतेक रिमोटमध्ये तो सेकंदाला 38 हजार वेळा उघडझाप करतो, त्यामुळेच समोरच्या यंत्राला तो ट्यूबलाइटच्या उजेडातून वेगळा ओळखता येतो. बघायचा असेल तर अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा सेल्फी कॅमेरा चालू करा आणि रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरून बटण दाबा. बहुतेक फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात तो अनेकदा दिसत नाही, कारण तिथे इन्फ्रारेड अडवणारी काच असते.

सगळ्या खोल्या एकाच डबीवर, हे तर होणारच नाही. प्रकाश भिंतीपलीकडे जात नाही. खानापूरकडच्या एका जुन्या घरात सोप्यात ब्लास्टर आणि टीव्ही माजघरात, मध्ये दीड फुटाची दगडी भिंत. घरमालकांनी मजकूर वाचून आधीच एकच डबी आणून ठेवलेली. खोलीच्या आत ठीक असतं, पांढऱ्या भिंतीवर, छतावर आपटून प्रकाश बरोबर पोचतो. पण खोली बदलली की दुसरी डबी लागते. दर विचाराल तर खोलीमागे विचारा.

सगळे रिमोट चालतात हेही अर्धंच. टीव्हीला लावायच्या काही स्टिकचे रिमोट ब्लूटूथवर चालतात, काही पंख्यांचे रेडिओ लहरींवर. त्यांना ब्लास्टरचा प्रकाश कळत नाही. रिमोट उशीखाली धरून दाबला तरी काम होत असेल, तर तो यातलाच समजा.

एसीचा घोळ वेगळा. टीव्हीचा रिमोट दाबलेल्या बटणापुरता छोटा निरोप पाठवतो. एसीचा रिमोट बहुधा दर वेळी सगळी हकिकत पाठवतो: कूलिंग, 24 डिग्री, पंखा मधला, झडप हलती. आकडे रिमोटच्या पडद्यावरच वाढतात. त्यामुळे 24 वर असताना ‘वाढव’चं बटण ब्लास्टरला शिकवलं, तर त्यानं शिकलेलं असतं ‘25 कर’. पुढे दहा वेळा दाबा, 25 च राहणार. त्यासाठी अ‍ॅपमधल्या यादीतून नेमकं मॉडेल निवडावं लागतं, नाहीतर लागणारी प्रत्येक स्थिती वेगळी शिकवावी लागते. आणि शिकवायला मूळ रिमोटच हातात लागतो, तोच फेकला तर शिकवणार कशानं?

मला सगळ्यात जास्त खटकतो तो शेवटचा दावा, चालू-बंद दिसण्याचा. इन्फ्रारेड एकतर्फी आहे. टीव्ही उलट काही सांगत नाही. स्क्रीनवर ‘चालू’ दिसतं, त्याचा अर्थ एवढाच की चालू करायचा निरोप गेला. पोचला की मध्ये पडदा आला, नंतर कुणी हातातल्या रिमोटनं बंद केलं का, तिला माहीत नसतं. पावसाळ्यात करंट जातो-येतो. काही एसी आपोआप पुन्हा सुरू होतात, काही होत नाहीत, स्क्रीन मात्र जुनंच दाखवत राहते.

वडगावच्या एका घरात मी ‘झोपायची वेळ’ असं एक बटण करून दिलं होतं: दिवे बंद, टीव्ही बंद. एके रात्री मुलानं दहालाच रिमोटनं टीव्ही बंद केला. अकराला आईनं स्क्रीन दाबली. टीव्हीच्या पॉवर बटणाचा कोड चालू-बंद दोन्हीला एकच, म्हणून बंद टीव्ही सुरू झाला, तोही मॅचच्या वेळच्या आवाजात. आजारी आज्जी दचकून उठून बसल्या. दुसऱ्या दिवशी मी जाऊन त्या टीव्हीचा फक्त ‘बंद’चा वेगळा कोड शोधून घातला. असा कोड बऱ्याच टीव्हींना कळतो, पण रिमोटवर त्याचं बटण नसतं.

खरी स्थिती हवी असेल तर वीज मोजावी लागते. टीव्हीला वीज मोजणारा स्मार्ट प्लग पुरतो. एसीला मात्र 10 अँपिअरचा प्लग लावू नका. दीड टनाचा एसी 16 अँपिअरच्या सॉकेटवरच हवा, आणि चालू कॉम्प्रेसरचा करंट प्लगमधून तोडू नये. तारेभोवती बसणारा मोजणीचा क्लॅम्प बरा.

पैसे चुकते करण्याआधी बसवणाऱ्यासमोर दोन गोष्टी करून बघा. राउटरची इंटरनेटची वायर काढा आणि स्क्रीनवरून टीव्ही लावा. काही कंपन्यांचा निरोप त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येतो, तिथे टीव्ही ढिम्म राहील. मग वायर परत जोडा, हातातल्या रिमोटनं एसी बंद करा, आणि स्क्रीन काय दाखवते ते बघा.