वाढत्या प्रोग्रॅमचा विचका करण्याची सोपी रीत

आपला प्रोग्रॅम दोनशे ओळींचा होता तेव्हा सगळे कोड एकाच फाइलमध्ये होते आणि काही बिघडत नव्हते. तेव्हा तो वीस हजार ओळींचा झाल्यावरही तीच रीत चालू ठेवावी.

अगदीच राहवले नाही, तर ‘युटिल्स’ नावाची दुसरी फाइल काढावी. हे नाव फार सोयीचे, कारण त्यात काय बसत नाही हे कोणालाच सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात अशाच एका आयत्या गळ्यात पडलेल्या फाइलमध्ये, तारखेतील दिवस आणि महिना यांची अदलाबदल का होते हे शोधण्यात माझे तीन दिवस गेले. तारीख लिहिणारी तीन फंक्शन्स, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारे कोडचे तुकडे, तिथे सुखाने नांदत होती: ‘फॉरमॅट डेट’, ‘फॉरमॅट डेट टू’ आणि ‘फॉरमॅट डेट न्यू’. तिसरे दुरुस्त केले तर काहीच बदलले नाही, कारण त्याला कोणी बोलावतच नव्हते. दुसरे दुरुस्त केले तर बिले बरोबर आली आणि रात्रीचा अहवाल कोसळला, कारण अहवालाचे कोड तो चुकीचा क्रम गृहीत धरून परस्पर उलटा करून घेत होते. पहिल्याच्या डोक्यावर कॉमेंट होती: ‘हात लावू नये.’ का लावू नये, हे लिहिण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नव्हते.

ग्लोबल व्हेरिएबल्स, म्हणजे प्रोग्रॅममध्ये कुठूनही बदलता येणारी मूल्ये, सढळ हाताने वापरावीत.

दोन फाइली एकमेकींना इम्पोर्ट करू लागल्या, म्हणजे एकमेकींतले कोड मागवू लागल्या, आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेने तक्रार केली, तर इम्पोर्टची ओळ उचलून फंक्शनच्या पोटात ढकलावी. एक फाइल अर्धवट चाललेली असतानाच दुसरी तिच्याकडे अजून तयार न झालेले नाव मागते, म्हणून ही तक्रार येते. दोघींना लागणारा भाग तिसऱ्या फाइलमध्ये काढला की ती मिटते, पण तेवढा विचार करायला सवड कोणाला आहे?

आता सरळच बोलतो. पुढे बदलू शकणारा एकेक निर्णय एकेका भागात झाकून ठेवावा, हे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच लिहून ठेवले आहे. तारीख कोणत्या क्रमाने लिहायची, हा असाच एक निर्णय, आणि तुम्ही तो दिसेल तिथे सांडून ठेवलात. याला घाई म्हणत नाहीत, आळस म्हणतात. आणि ‘नंतर नीट करू’ ही कॉमेंट मला दाखवू नका. तिच्यापुढे ०४/०५ असे लिहिले आहे, आणि ते चार मे की पाच एप्रिल, हेही कळत नाही.