'अमेरिकेचं कोर्ट' म्हणजे नेमकं कुठलं?

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली, म्हणजे २०२५ची गोष्ट. भाची सिएटलजवळ, जावई एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर, आणि तिला सातवा महिना. २० तारखेला ट्रम्पसाहेबांचा हुकूम निघाला: आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, तर बाळाला जन्मानं नागरिकत्व नाही. तीनच दिवसांत फॅमिली ग्रुपवर बातमी आली, 'अमेरिकन कोर्टाचा ट्रम्पना दणका'. पाठोपाठ भाचीचा फोन. "मामा, मिटलं ना आता?"

तीस वर्षं जिल्हा कोर्टात वकिली केलीय. तोंडून आपसूक निघालं, "कुठलं कोर्ट?"

तिला माहीत नव्हतं. बातमी देणाऱ्यालाही नसावं.

ते होतं सिएटलचं फेडरल (केंद्रीय) जिल्हा कोर्ट, म्हणजे सगळ्यात खालची पायरी. न्यायाधीश जॉन कॉफनर, १९८१ साली रेगन यांनी नेमलेले. निवृत्तीचं वय नाही तिकडे, नेमणूक तहहयात. त्यांनी हुकूम उघडउघड घटनाबाह्य ठरवून स्टे दिला, तोही अख्ख्या देशापुरता! आपल्याकडच्या जिल्हा न्यायाधीशानं केंद्राचा आदेश देशभर रोखला, अशी कल्पना तरी करवते का?

अशी जिल्हा कोर्टं ९४. त्यांच्यावर अपिलाची १३, 'सर्किट' म्हणतात त्यांना. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालं तेव्हा या शब्दावरून आमच्या वकिलांच्या बारमध्ये बऱ्याच गप्पा झाल्या होत्या. अमेरिकेत १७८९च्या कायद्यानं सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांनाच गावोगाव फिरून कोर्ट भरवायला लावलं होतं. घोड्यावरून, चिखलातून. बिचारे कावले होते. १८९१ मध्ये अपिलाची वेगळी कोर्टं झाली, पण नाव तेच राहिलं. सिएटल नवव्या सर्किटमध्ये येतं. त्याच्या हाताखाली नऊ राज्यं आणि न्यायाधीशांची पदं २९. पहिल्या सर्किटमध्ये मात्र जेमतेम सहा. (घटस्फोट, खून, जमिनीचे तंटे बहुतेक राज्यांच्या कोर्टांत. ती उतरंडच निराळी. आपल्यासारखा एकच जिना नाही.)

माझं म्हणणं असं, की खरी ताकद या मधल्या पायरीत आहे. सुप्रीम कोर्टात नऊ जण, आणि कुठलं प्रकरण ऐकायचं ते बहुतेक वेळा तेच ठरवतात. नवांपैकी चौघांनी होकार द्यावा लागतो. वर्षाला हजारो अर्ज येतात, त्यातली साधारण साठेक प्रकरणं सविस्तर ऐकतात. बाकीच्यांना सर्किटचा निकाल हाच शेवटचा.

आणि खालच्या पायरीवरचा खेळ मला अजिबात पटत नाही. टेक्सासमधल्या अमारिलोत दिवाणी दावा लावला, की तो जवळपास नक्कीच एका ठरावीक न्यायाधीशापुढे जाणार, असं वर्षानुवर्षं चाललं. मग बायडेन यांचे विरोधक टेक्सास गाठायचे आणि ट्रम्प यांचे विरोधक सिएटल नाहीतर बॉस्टन. वादीच जज निवडतोय! आमच्या बारमध्ये असं कुणी उघड केलं असतं तर बोंब झाली असती. म्हणून २७ जून २०२५ला सुप्रीम कोर्टानं ६ विरुद्ध ३ मतांनी अशा देशव्यापी मनाईहुकमांना लगाम घातला, तेव्हा मला ते निम्मं तरी पटलं. उरलेलं निम्मं भाचीमुळे पटलं नाही. पुढे दोन आठवड्यांत न्यू हॅम्पशायरच्या जिल्हा कोर्टात अशा सगळ्या बाळांचा मिळून सामूहिक दावा उभा राहिला आणि हुकूम पुन्हा अडला.

बाळ एप्रिलमध्येच झालं होतं. पासपोर्टही आला.

परवा पुन्हा फोन. तिच्या ओळखीतल्या एकाला 'इमिग्रेशन कोर्टा'ची नोटीस आलीय. "मामा, हे त्यातलं कितवं कोर्ट?"

म्हटलं, बाई, हे त्या जिन्यावर नाहीच. तिथला 'जज' सरकारच्या न्याय खात्याचा नोकर, आणि समोर भांडणारा वकीलही सरकारचाच. त्याला सांग, आधी चांगला वकील गाठ.