‘यूट्यूबवर शिकता येतं’ : भूगोलाच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मानवी आणि पर्यावरणीय भूगोलात एम.ए. का करावं, या माझ्या लेखावर आपण सविस्तर लिहिलंत, आभारी आहे. बाकीच्या वाचकांसाठी आपल्या म्हणण्याचा गोषवारा देतो. भूगोल म्हणजे नकाशे रंगवणं, क्यूजीआयएस (संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर) यूट्यूबवर पंधरा दिवसांत शिकता येतं, नोकऱ्या नाहीत, महाविद्यालयांत जुनी टोपोशीट (भूभागाचे तपशीलवार नकाशे) धूळ खात पडलीत, आणि माझ्यासारखे लोक ‘गरिबाच्या पोरांना स्वप्नं विकून त्यांची दोन वर्षं वाया घालवतात’.

मतभेद असू द्यात. पण ‘स्वप्नं विकतात’ हे मला लागलं आणि ते लपवायचं कारण नाही. माझा क्लास नाही, कुणाकडून मी रुपया घेतलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडची मुलं सारखी विचारतात म्हणून तो लेख लिहिला. टोपणनावाआडून दुसऱ्याच्या हेतूवर शिंतोडे उडवायला काही लागत नाही. लेखातला एखादा मुद्दा खोडला असतात तर मी आनंदाने वाद घातला असता.

टोपोशीटचं मान्य. पुष्कळ ठिकाणी अजून जुनेच नकाशे मुलांपुढे ठेवतात, त्यांत नवे रस्ते नसतात, तलाव नसतात. हे बदलायला हवं.

आता ते यूट्यूबचं वाक्य. क्यूजीआयएस फुकट मिळतं, जरूर शिका. पण पडद्यावर जे दिसतंय ते काय आहे, हे कसं कळणार? आमच्याकडची उन्हाळ्याच्या तोंडची उपग्रह प्रतिमा उघडा. शिवारात चौकोनी निळे ठिपके दिसतील. ती शेततळी. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि त्यांची संख्या वाढत गेली. नुसतं सॉफ्टवेअर शिकलेला मुलगा ते ठिपके मोजेल आणि पाणीसाठा वाढला म्हणून अहवाल लिहून मोकळा होईल. बांधावर गेलं की वेगळंच दिसतं. अनेक तळ्यांना प्लास्टिकचं अस्तर असतं, काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच केलेले असतात, म्हणजे शिवारातून वाहून येणाऱ्या पाण्याला आत शिरायला वाटच नाही. आणि एका कोपऱ्यात बोअरवरून आलेला पाइप. पावसाचं पाणी धरायचं तळं जमिनीखालचं पाणी उपसून भरलेलं असतं.

आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या कातळात, पाणी राहतं ते वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खालच्या भेगांत. साठा मुळात थोडा, आणि तो शेजारीपाजारी सगळ्यांचा सामाईक. एकाने हिवाळ्यात उपसून उघड्यावर साठवलं की त्यातलं बरंच उन्हाने उडून जातं आणि शेजाऱ्याची उथळ विहीर लवकर तळ गाठते. बोअर कुणाचा, डाळिंबाच्या बागेला कुणाचं पाणी जातं, हंडा घेऊन पांदीने कोण चालतं, ही माहिती उपग्रह देत नाही. ती ओट्यावर बसून, प्रश्नावली भरून, चार घरी चहा घेऊन मिळवावी लागते. क्षेत्र अभ्यासाचे गुण त्यासाठी असतात. त्यावर तुमच्या प्रतिक्रियेत एक शब्द नाही.

दुसरं उदाहरण माझ्या घरचं. आईवडील कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जायचे. मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली, ती फेडायला दिवाळीच्या सुमाराला कारखान्याकडे, ते उन्हाळा लागल्यावर परत. मी आजीजवळ. एम.ए.ला जनगणनेचे तक्ते करत होतो, तेव्हा सरांनी विचारलं, 2011 ची गणना कुठल्या दिवसांत झाली? 9 ते 28 फेब्रुवारी. गळीत हंगाम ऐन भरात! गणनेचा सगळा काळ जो गावाबाहेर असतो, त्याची नोंद तो असेल तिथे व्हायची असते, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या कोपीत, त्या तात्पुरत्या झोपडीत. मग आमच्या गावांची लोकसंख्या, कामकऱ्यांचे आकडे, शाळेत जाणाऱ्या वयाची मुलं, हे सगळं त्या फेब्रुवारीची आठवण ठेवून वाचावं लागतं. मी ज्या घरात वाढलो त्या घराला कुलूप का असायचं, हे मला माहीत होतं. ते आकड्यात कसं उतरतं, हे मला विद्यापीठात कळलं. आणि तुम्ही मला गरिबाच्या पोरांची काळजी शिकवता? साहेब, ते पोर मीच आहे. माझी ती दोन वर्षं वाया गेली की नाही, हे तुम्ही ठरवू नका.

बाकी मुद्द्यांवर फार लिहीत नाही. नकाशे रंगवणं शाळेत संपलं. नोकऱ्यांबद्दल लेखाच्या शेवटी लिहिलंच आहे, तिथवर आपण पोचला नसावात. पुन्हा लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण स्वतःच्या नावाने, आणि हेतूबद्दलचं ते वाक्य आधी मागे घ्या.

आपल्या प्रतिक्रियेखाली एका मुलीने विचारलंय की मराठी माध्यमातून बी.ए. केलेल्याला हे झेपेल का. ताई, झेपेल. पहिल्या सत्रात सांख्यिकी जड जाते, सहसंबंध गुणांकाची (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते सांगणारा आकडा) गणितं हाताने सोडवायचा सराव ठेव. आणि आत्तापासून आपल्या गावचा सातबारा वाचायला शीक. नमुना बारामध्ये कुठलं पीक, किती क्षेत्र आणि पाण्याचं साधन काय, हे लिहिलेलं असतं. ते घेऊन त्या गट क्रमांकाच्या शेतात प्रत्यक्ष जा, आणि कागद नि शेत जुळतंय का ते बघ.