टी०१११ लिहावा की नाही? चिंचोली एमआयडीसीतून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

टी०१११ हा सीएनसी लेथच्या प्रोग्राममधला टूलचा कोड: पहिले दोन आकडे टूलच्या स्टेशनचे, शेवटचे दोन ऑफसेटचे, म्हणजे त्या टूलसाठी भरलेल्या मापांच्या ओळीचे. तुमचं म्हणणं असं: "शेवटचे दोन आकडे वेगळे टाकायला शिकवू नका. टी०१११ दिला आणि टूल सरळ जॉबमध्ये घुसलं. टी०१०१च बरा."

रोजच्या कामाला टी०१०१च बरा, यात वाद नाही. पण एक शाफ्ट घ्या, हाच आपला जॉब. दोन बेअरिंग सीट (बेअरिंग बसतात त्या जागा), दोन्ही ४० एच६ टॉलरन्सच्या, म्हणजे व्यास ४०.००० ते ३९.९८४ मिमीच चालतो. टेलस्टॉक, म्हणजे मोकळ्या टोकाला आधार, नाही. चककडची (जॉब पकडलाय तिकडची) सीट ३९.९९० येते, मोकळ्या टोकाची ४०.०१२, कारण तिथे जॉब दबतो. वेअर ०१ मध्ये (ऑफसेट ०१ ची बारीक दुरुस्ती) एक्स, म्हणजे व्यास, उणे ०.०२० टाकलं की पुढची, मोकळ्या टोकाची, ३९.९९२ होते, पण मागची ३९.९७० होऊन रिजेक्ट! एका ऑफसेटवर हे बसतच नाही. म्हणून पुढच्या सीटला टी०१०१, मागच्या सीटला टी०१११. स्टेशन तेच असल्यामुळे टरेट (टूल धरणारं चाक) फिरत नाही. फक्त टूल जॉबपासून वर घेऊन मोकळ्या जागी टी०१११ द्यायचा, मग पुढची जी०० (रॅपिड, म्हणजे वेगाची) हालचाल. प्रोग्राममध्येच मागच्या सीटला एक्स ४०.०२ लिहिता येतं, पण मग इन्सर्ट (टूलची बदलायची धार) बदलला की ऑपरेटरला एडिटची चावी द्यावी लागते.

आता तुमचं टूल का घुसलं? फॅनुक झिरो-आय कंट्रोलवर पॅरामीटर ५००२ मधला १ नंबरचा बिट (उजवीकडून दुसरा, मोजणी शून्यापासून) बघा. तो १ असेल तर जिऑमेट्री (टूलचं मूळ माप) टूल नंबरवरून घेतली जाते, म्हणजे जिऑमेट्री ०१ आणि वेअर ११. तो ० असेल तर जिऑमेट्रीही ११ चीच. होमला (मशिनच्या ठरलेल्या मूळ जागेला) शून्य धरून टूल टच केलेली, म्हणजे टेकवून माप घेतलेली, असतील आणि ११ रिकामा असेल, तर सहसा ओव्हरट्रॅव्हलचा (हद्दीबाहेर जाण्याचा) अलार्म येऊन मशिन थांबतं. टूल घुसलं म्हणजे ११ मध्ये कुठल्यातरी जुन्या टूलच्या व्हॅल्यू पडून असाव्यात, असा माझा दाट संशय आहे.

बिट लगेच बदलू मात्र नका, त्याच्यावर चालणारे बाकीचे प्रोग्राम बिघडतील. तो ० असेल तर जिऑमेट्री ०१ जशीच्या तशी ११ मध्ये उतरवा: एक्स, झेड, सोबत आर (टूलच्या टोकाचा रेडियस) आणि टिपचा नंबर (टोकाची दिशा) हेही. आर राहून गेला तर जी४२ (टोकाच्या रेडियसची भरपाई) असूनही टेपर आणि रेडियस चुकतो, आणि दोष इन्सर्टवर जातो. पुढे टूल परत टच केलं की दोन्हीकडे भरायचं. नवा इन्सर्ट लावून टच करण्याआधी वेअर ०१ आणि ११ दोन्ही शून्य करा, नाहीतर जुना वेअर वरून पुन्हा लागतो.

पहिला टी०१११ सिंगल ब्लॉकवर (एकेक ओळ), रॅपिड कमी ठेवून चालवा आणि 'डिस्टन्स टू गो' बघा. जॉबपासून ५० मिमीवर असताना उरलेलं अंतर ३०० दिसलं तर तिथेच थांबवा.

जाता जाता: वेअर टाकण्याआधी जॉब गार होऊ द्या. सोलापूरच्या मे महिन्यात शेड तापते ती वेगळी, तेव्हा स्टीलचा जॉब आणि मायक्रोमीटर दोघेही तापलेले असतात. नडतो तो दोघांमधला फरक. जॉब २० अंशांनी जास्त गरम असेल तर ४० मिमीवर सुमारे ९ मायक्रॉन मोठा दिसतो, आणि एच६ ची सगळी टॉलरन्स १६.

सीमेन्सच्या कंट्रोलवर हीच सोय टी१ डी१, टी१ डी२ अशी असते. तिथे डी२ ची सगळी माहिती वेगळी भरावी लागते.