कोंडी रस्त्यात की चौकात?

"रस्ता रुंद केल्याशिवाय सुटका नाही," मास्तरांनी निकाल देऊन टाकला. विषय रोजचाच, संध्याकाळची कोंडी.

"रस्ता कितीही रुंद करा, चौकाचं तोंड तेवढंच राहणार," इंजिनिअर म्हणाला. "हिशेब मांडू. सिग्नलचं चक्र १२० सेकंदांचं, त्यात हिरवा ३०. पहिली गाडी हलेपर्यंत दोनेक सेकंद जातात, मग एका रांगेतून दर दोन सेकंदांना एक मोटार. झाल्या १४. तासाला ३० चक्रं, म्हणजे ४२०. आता आडव्या रस्त्याच्या गाड्या चौकातच अडकल्या आणि तुमच्या हिरव्यातले आठ सेकंद खाल्ले, तर सुटणार १०. तासाला ३००. येणाऱ्या ४०० असतील तर तासाभरात १०० तुंबल्या. एकीला साडेसहा मीटर धरा, शेपूट ६५० मीटर!"

"आणि मागचा चौक असतो तीन-चारशे मीटरवर," टॅक्सीवाले काका म्हणाले.

"तेच तर. शेपूट तिथे शिरलं की ज्यांना इकडे यायचंच नाही, तेही अडकले."

"मग हिरवा वाढवा ना."

"वाढवला की बाकीच्यांचा लाल वाढतो, मास्तर. त्यांची रांग लांबते."

काकांना हे आकडे फारसे पटले नव्हते. "रांगा तुमच्या कागदावर. दुचाक्या फटीफटीतून पुढे येतात, त्यांचं काय?"

"येऊ देत की. हिरवा लागला की पाच-सहा सेकंदांत सगळा घोळका निघून जातो. अडचण होते ती स्टॉप लाइन ओलांडून उभे राहतात तेव्हा. आडव्या रस्त्यावरून वळणाऱ्या बसला वळायला जागा उरत नाही, ती तिरकी अडकते आणि आठ सेकंद गेलेच."

"बस कशाला, दोन मिनिटांसाठी लावलेली मोटारही पुरते," काका म्हणाले. मुद्दा वजनदार होता, कारण दोन रांगांच्या रस्त्यावर स्टॉप लाइनच्या ३० मीटर मागे एक मोटार उभी असली, तर तिच्या पुढे जेमतेम चार मावतात. हिरवा लागल्यावर तेवढ्याच दोन रांगांनी निघतात, पुढचा सगळा हिरवा एकाच रांगेचा. ते 'दोन मिनिटं' म्हणणाऱ्याला हे कुणी समजावायचं, हा वेगळाच प्रश्न.

"आणि चौकात शिरायचं कधी?" मास्तरांनी विचारलं.

"पलीकडे आपल्या गाडीएवढी जागा मोकळी दिसली की. नाहीतर हिरवा असला तरी थांबायचं."

"मागचा हॉर्न वाजवतो त्याचं काय?"

"वाजवू दे. त्याला पलीकडचं दिसत नसतं."

मास्तर अजून रुंदीवरच अडून होते. "बरं, निदान चौकापाशी तरी एक रांग वाढवा, वळणाऱ्यांसाठी."

"हे मान्य. पण ५० मीटर दिलीत तर मोटारी मावणार सात. एका लालमध्ये दहा जमल्या तर उरलेल्या तीन सरळ जाणाऱ्यांना अडवणार. आधी वळणारे मोजा, मग रस्ता खोदा."