मुक्त व्यापार कराराने रेसिड्यूची तपासणी रद्द झालेली नाही

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग असलेल्या माझ्या मावसभावाने गेल्या आठवड्यात एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "दादा, रेसिड्यूची कटकट संपली म्हणे, खरं का?" भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी सह्या झालेल्या मुक्त व्यापार कराराविषयीचा तो संदेश सांगतो, की शुल्क गेल्यामुळे द्राक्षांचे दर दुप्पट होतील, रेसिड्यूची, म्हणजे फळांत उरणाऱ्या रासायनिक अंशांची, तपासणी करण्याची गरज उरणार नाही आणि बदल्यात ब्रिटिश दूध येऊन आपल्या डेअऱ्या बुडवेल. एरवी असला मजकूर मी वाचून सोडून दिला असता. पण फवारणीचा पंप पाठीवर घेणारा माणूस त्यावर विसंबू लागला आहे.

तपासणी संपल्याचा दावा धादांत खोटा आहे. शुल्क हा आयातीवरचा कर आहे. कीडनाशकांच्या अंशाची कमाल मर्यादा हा त्या देशाच्या अन्नसुरक्षेचा कायदा आहे. जागतिक व्यापार संघटनेचा १९९५ पासून लागू असलेला स्वच्छता व वनस्पती-आरोग्यविषयक करार प्रत्येक सदस्य देशाला शास्त्रीय आधारावर असे निर्बंध लावण्याचा हक्क देतो, आणि भारत-ब्रिटन करारातही दोन्ही देशांनी तो हक्क कायम ठेवला आहे. २०१० साली आपली द्राक्षे युरोपच्या बंदरांत अडकली, ती क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे, म्हणजे बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात त्या वाढरोधकामुळे; मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने, ज्यात तेव्हा ब्रिटनही होता, आपला आंबा आणि चार भाज्या बंद केल्या, त्या फळमाशी व अन्य किडी सापडल्यामुळे. या दोन्ही वेळी शुल्क शून्य असते, तरी माल परतच आला असता.

दर दुप्पट होण्याचा हिशेब तर कोणी मांडला हेच कळत नाही. शुल्क तिथला आयातदार भरतो. समजा, शंभर रुपयांच्या मालावर आठ रुपये शुल्क होते आणि ते सगळे बागायतदाराच्या पदरात पडले, तरी शंभराचे एकशे आठ होतील. प्रत्यक्षात त्यातला वाटा सुपरमार्केट, आयातदार आणि इथला निर्यातदार आधी मागणार. मात्र चिली, पेरू आणि दक्षिण आफ्रिकेची द्राक्षे ब्रिटनमध्ये आधीपासूनच शुल्काविना जातात, त्यामुळे आपल्या मालावरचा तेवढा बोजा उतरणार, हे नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते.

करार झाला म्हणजे निर्यात सुरळीत चालते, असेही नाही. संयुक्त अरब अमिरातीशी करार १ मे २०२२ पासून लागू होता. तरीही डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात आपल्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद ठेवली होती आणि सरकारी परवानगीने मोजका कांदाच बाहेर गेला. लासलगावच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

दुधाची भीती अनाठायी आहे. दुग्धजन्य पदार्थ आणि सफरचंद भारताने सवलतीच्या बाहेर ठेवले आहेत.

मावसभावाला मी लिहिले, की फळछाटणीनंतरच्या प्रत्येक फवारणीची तारीख आणि मात्रा वहीत पूर्वीसारखीच लिहीत जा, आणि शेवटची फवारणी व काढणी यांतले दिवस एकानेही कमी करू नकोस.